डावा गळतो, उजवा ठीक आहे

रविवार, ४ फेब्रुवारी

आज सासऱ्यांची मोटरसायकल आमच्या गॅरेजमध्ये आली. त्यांच्या नव्या फ्लॅटला पार्किंग नाही, म्हणून आमच्याकडे. टेम्पोतून उतरवताना ते सीटवर हात ठेवून उभे होते. दोन सिलिंडर, दोन कार्बोरेटर. हिच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, जन्माच्या आधीची गाडी. लहानपणी ही पेट्रोलच्या टाकीवर बसून शाळेत जायची.

येत्या पंचवीस तारखेला सासऱ्यांची पंचाहत्तरी. नजर कमी झालीय, म्हणून त्यांनी हिला शब्द दिलाय की त्या दिवसानंतर हँडलला हात लावणार नाही. फक्त त्या दिवशी सकाळी सासूबाईंना मागे बसवून तळ्यापर्यंत एक शेवटची चक्कर मारायची आहे. अडचण एकच. डावा कार्बोरेटर गळतो. उजवा ठीक आहे.

सासरे म्हणाले, आमच्या मिस्त्रींना सांगून ठेवतो, येऊन करून जातील. मी म्हटलं, बाबा, मिस्त्री कशाला? मी आहे ना!

सासऱ्यांनी रुमालानं टाकीवरची धूळ पुसली. मग म्हणाले, जावईबापू म्हणताहेत तर प्रश्नच मिटला. ही माझ्याकडे एकटक बघत होती. कौतुकानं असावं.

मी बाटल्यांची बुचं बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी बघतो. गळती हा माझ्या पेशाचाच विषय आहे.

मंगळवार, ६ फेब्रुवारी

अभ्यास. व्हिडिओ पाहिले. त्यात एक दाढीवाला आहे, तो बोलता बोलता कार्बोरेटर खोलतो, धुतो, परत लावतो आणि कॉफी पितो. माणूस बरा आहे. कॉफीत वेळ घालवतो.

तत्त्व समजलं. कार्बोरेटरच्या खाली एक वाटी. वाटीत पेट्रोल. पेट्रोलवर फ्लोट तरंगतो. वाटी भरली की फ्लोट वर येतो आणि एक सुई ढकलून पेट्रोलचा रस्ता बंद करतो. म्हणजे संडासातल्या फ्लशच्या टाकीसारखंच. आमची फ्लशची टाकी गळते, पण तो विषय वेगळा.

शनिवार, १० फेब्रुवारी, दुपार

खोलले. खरं तर डावाच खोलायचा होता. पण जोडीतला एकच काढणं बरं दिसत नाही. ही म्हणाली, उजवा ठीक होता ना? म्हटलं, याला प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स म्हणतात. ती आत गेली.

एका स्क्रूचं डोकं झिजलं. ते आधीच झिजत आलं असणार, माझ्या हातून फक्त पूर्ण झालं.

फ्लोट म्हणजे पितळेची छोटीशी डबी. सुंदर काम. कानाशी धरून हलवून पाहिला. डाव्यात पेट्रोल खुळखुळतं. उजव्यात काहीच नाही, ठणठणीत रिकामा. लगेच लक्षात आलं. आत राखीव साठा ठेवलेला आहे! डाव्याचा शिल्लक आहे, उजव्याचा संपलाय. जुन्या काळचे इंजिनिअर पुढचा विचार करायचे. दाढीवाल्यानं ही गोष्ट सांगितलीच नाही. त्याला माहीत नसावी.

रविवार, ११ फेब्रुवारी

उजव्या फ्लोटला बारीक भोक पाडलं, सिरिंजनं डाव्याइतकंच पेट्रोल भरलं आणि भोक एपॉक्सीनं बुजवलं. हात अजिबात कापला नाही. लोकांना सांगून पटणार नाही, पण आज माझ्यातला इंजिनिअर जागा झाला.

दुपारी सासऱ्यांचा फोन. ते गाडीबद्दल विचारत होते, मी हवामानाबद्दल सांगत होतो. शेवटी म्हणाले, तुमच्या सवडीनं करा जावईबापू, घाई नाही. फोन ठेवल्यावर छातीत कसंतरी झालं. ॲसिडिटी. उद्यापासून चहा कमी.

बुधवार, १४ फेब्रुवारी

दोन्हींचे सगळे भाग एकाच डब्यात धुतले. वेळ वाचला. बाहेर काढल्यावर डाव्याचं कुठलं आणि उजव्याचं कुठलं ते कळेना. सगळं हुबेहूब सारखं. म्हणजे कुठेही लावलं तरी चालतं, असा याचा अर्थ होतो.

बारीक छिद्रं साफ करायला हिच्या शिवणाच्या डब्यातली सुई घेतली. सुई छिद्रात तुटली. दुसऱ्या सुईनं पहिली काढली. आता छिद्र चांगलं मोकळं झालंय. पूर्वीपेक्षा मोठंच.

हिनं सुया कुठे गेल्या म्हणून विचारलं. मी म्हटलं, नीट बघ, असतील तिथेच. बिचारी अर्धा डबा उपसून बसली होती. बघवेना, म्हणून गॅरेजमध्ये गेलो.

गुरुवार, १५ फेब्रुवारी

संध्याकाळी फाटकाशी सासऱ्यांचे मिस्त्री. कुणी पाठवलं नव्हतं, इकडून चालले होते म्हणून थांबले. म्हणाले, गाडी बघू का? मी म्हटलं, सगळं उरकलंय, आता नुसतं जोडायचं. ते म्हणाले, बरं झालं, कारण मी रविवारी मुलीकडे चाललोय, महिनाभर तरी परत येणार नाही. काही अडलं तर त्याआधी सांगा.

त्यांना आत बोलावलं नाही. पाणीसुद्धा विचारलं नाही. आत घेतलं असतं तर गॅरेजचं दार उघडं दिसलं असतं, आणि दारातच सगळे भाग वर्तमानपत्रावर मांडलेले. म्हातारा माणूस लांबून चालत आलेला. मला फार वाईट वाटलं. पण शेवटी कामात एकाग्रता लागते.

शनिवार, १७ फेब्रुवारी

जोडले! झिजलेल्या स्क्रूऐवजी घरातला एक बसवला, बहुधा पडद्याच्या रॉडचा. खालच्या वाटीचं गॅस्केट फाटलं, म्हणून बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचं कापून घातलं. पेट्रोल सोडलं.

डावा गळतो. उजवाही गळतो.

चांगली बाजू बघितली पाहिजे. आधी दोघांत फरक होता, आता राहिला नाही. दाढीवाला म्हणतो की जोड कार्बोरेटरमध्ये समतोल हीच सगळ्यात अवघड गोष्ट.

खाली हिचं केक फेटायचं भांडं ठेवलंय. तात्पुरतं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

हिनं भांडं शोधून काढलं. वास घेतला. मग सरळच विचारलं, रविवारपर्यंत गाडी चालू होणार आहे की नाही? नसेल तर आत्ता सांगा, मी बाबांना सांगते, आपण मिस्त्रींना बोलावू. बाबांनी तुम्हाला तोंडावर नाही म्हटलं नाही, कारण तुम्ही जावई आहात. मी त्यांची मुलगी आहे, मला त्यांच्या मनातलं कळतं.

मिस्त्री काल गेले. हे मी तिला सांगितलं नाही. तिनं तसं विचारलंही नव्हतं. बुधवारपर्यंत शंभर टक्के, म्हणालो.

संध्याकाळी सासूबाईंचा फोन, तोही माझ्या मोबाइलवर, हळू आवाजात. वाऱ्यानं केस उडतात म्हणून त्यांनी स्कार्फ आणलाय. निळा. ह्यांना सांगू नका, म्हणाल्या, त्या दिवशीच बघू देत. फोन ठेवून बराच वेळ गॅरेजमध्ये नुसता बसून होतो. ॲसिडिटीची गोळी घेतली. फरक नाही.

गुरुवार, २२ फेब्रुवारी

ऑफिसातून अर्धी रजा घेतली. साहेबांना कारण सांगितलं, गळती. त्यांना वाटलं मशीनची. पळत खाली गेले.

जिथून म्हणून थेंब येतो तिथे एपॉक्सी लावलं. वाळल्यावर किक मारली. पुन्हा मारली. इंजिन दोनदा खोकलं, धूर सोडला आणि बंद पडलं. पण चालू झालं होतं! माझ्या कानांनी ऐकलं. नंतर पेट्रोलनं एपॉक्सी मऊ झालं आणि चिखलासारखं खाली आलं. कंपनीला पत्र लिहिणार आहे.

शुक्रवार, २३ फेब्रुवारी

सासऱ्यांचा फोन. तयार का? मी म्हटलं, जवळजवळ तयार. जवळजवळ हा शब्द जरा हळू म्हटला. ते इतके खूश झाले की पुन्हा मोठ्यानं म्हणायचं राहून गेलं.

उद्या पहाटे उठून सगळं पहिल्यापासून करायचं. ठरलं.

शनिवार, २४ फेब्रुवारी

उठायला उशीर झाला. मग पाहुण्यांसाठी खुर्च्या आणायच्या होत्या. खुर्च्या कुणीतरी आणायला हव्याच होत्या.

रविवार, २५ फेब्रुवारी, संध्याकाळ

सकाळी लवकरच दोघं आले. सासऱ्यांनी बूट चकाचक पॉलिश केलेले. सासूबाईंच्या गळ्यात निळा स्कार्फ. मी गॅरेजचं दार उघडलं. गाडीखाली थारोळं, आणि वास असा की सासूबाईंनी स्कार्फ नाकाला लावला.

सासरे पुढे झाले. गुडघ्यावर हात टेकून खाली बसले, पाना मागितला, दोन्हीकडचे फ्लोट काढले. डावा कानाशी हलवला. मग उजवा. मग अगदी हलक्या आवाजात विचारलं, जावईबापू, उजव्यातही पेट्रोल आहे? मी अभिमानानं सांगायला लागलो आणि मध्येच थांबलो. ते म्हणाले, हा पोकळ असायला हवा. आत पेट्रोल शिरलं की हा बुडतो. मग सुई बंद होत नाही, म्हणून गळतं. डाव्याला कुठेतरी चीर गेली असणार.

मी म्हटलं, उजव्याचं भोक मी बुजवलंय. ते म्हणाले, हो, छान बुजवलंय.

ते एक शब्द जरी टाकून बोलले असते तरी बरं झालं असतं. स्वतःच्या मुलाला बोलले असते. मला बोलले नाहीत. हात पुसले, गाडी स्टँडवर आहे ना ते बघितलं आणि तिच्यावर बसले. सासूबाईंना म्हणाले, ये. त्यांनी स्कार्फ डोक्याला बांधला, मागे बसल्या, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. सासऱ्यांनी हँडल धरलं. समोर भिंत, भिंतीला आमची शिडी. थोड्या वेळानं सासूबाई म्हणाल्या, अहो, जरा हळू. सासरे म्हणाले, बरं.

ही तोंड फिरवून स्वयंपाकघरात गेली. परत आली आणि म्हणाली, बाबा, शब्द मला दिलात ना, मग मीच तुम्हाला त्यातून सोडते, पुढच्या रविवारी मारा चक्कर. सासरे म्हणाले, नको गं. शब्द दिला म्हणजे दिला. उतरले, किल्ली काढली, माझ्या हातात ठेवली. आता तुमचीच, म्हणाले.

मी खुर्च्या मांडायला गेलो. आणखी काय करणार होतो? डोळ्यांत पेट्रोलची वाफ गेली होती.

सोमवार, २६ फेब्रुवारी

काल जेवताना सगळ्यांनी चक्कर कशी झाली ते विचारलं. सासरे म्हणाले, गाडी जावईबापूंनी अगदी चोख करून ठेवली होती, माझीच हिंमत झाली नाही, हात कापायला लागले. सासूबाईंनी मान डोलावली. हिच्या बहिणीचे यजमान, म्हणजे माझे साडू, म्हणाले, बाबा, वयाचं मान्य करायला मोठेपणा लागतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सासऱ्यांसाठी आणि मग माझ्यासाठी. मी खाली बघून जेवत होतो. ही त्यानंतर माझ्याशी बोललेली नाही.

रात्रभर विचार केला. आज ठरवलं की खरं काय ते सगळ्यांना सांगायचं. म्हाताऱ्या माणसानं माझ्यासाठी स्वतःला भित्रा म्हणवून घ्यायचं आणि मी ते ऐकून घ्यायचं, हे मला सहन होत नाही. सुरुवात साडूंपासून.

फोन लावणार तेवढ्यात त्यांचाच आला. त्यांची स्कूटर गळते. म्हणाले, तुमचा हात चांगला आहे, जरा बघाल का? आणि एवढी जुनी गाडी ठीक केलीत तरी कशी?

मी म्हटलं, काही विशेष नाही हो, थोडा पेशन्स लागतो.

फोन ठेवून वळलो. दारात ही उभी होती.