फ्लॉवरच्या ओळींतली कोथिंबीर

मोशी, शनिवार, १४ डिसेंबर १९७४

आज मामंजींना खरं सांगून टाकलं. महिनाभर मनात खुपत होतं.

फ्लॉवरच्या ओळींमध्ये कोथिंबीर टाकायची कल्पना माझी, पण युरिया सगळीकडे भरपूर द्यायचा, हा हुकूम मामंजींचा. हे कंपनीत पहिल्या शिफ्टला गेलेले, त्यामुळे खत टाकणारी मी एकटीच. एका वाफ्याला पूर्ण दिलं, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला नुसतं शेणखत. का केलं? बघायचं होतं, एवढंच.

पूर्ण खताच्या वाफ्यात फ्लॉवरची पानं इतकी पसरली की खालची कोथिंबीर सावलीत पिवळी पडली. शेणखतावर कोथिंबीर वासाला उत्तम, पण गड्डे मुठीएवढेच. निम्म्यावर दोन्ही चांगलं आलं.

आज मामंजी त्याच निम्म्या खताच्या वाफ्यात उभे राहून म्हणाले, "बघ, युरियाची कमाल हाय." मला राहवलं नाही. सगळं सांगितलं.

ते वाकले, कोथिंबिरीचं पान चुरगळून हुंगत राहिले. मग म्हणाले, "मला इचारलं का न्हाई?"

"तुम्ही नको म्हणाला असता."

"व्हय, म्हणलो असतो."

रागावले का? आवाजावरून कळेना. तिन्ही वाफे पुन्हा हिंडून आले, पान हातातच. "उद्या आळीतली माणसं बघाया येणार हायेत. मी न्हाई, तू सांगायचं."

चार पुरुषांपुढे मी कधी बोललेले नाही. सुरुवात पूर्ण खताच्या वाफ्यापासून करावी, म्हणजे फरक कळेल. पण तो मामंजींच्या शब्दाचा वाफा. त्यांना चालेल का, हे मात्र सकाळी आधी विचारीन.