खुशालीची उर्दू पत्रं

१२ ऑक्टोबर, १९८७

गुलनमा नान आज भडकली! साऱ्या आळीची आई ती, म्हणून मीही तिला नानच म्हणतो. तिच्या नादिरचं कराचीहून पत्र आलं होतं. मी उर्दूतलं वाचत आपल्या खोऱ्याच्या बोलीत, खोवारमध्ये, सांगत गेलो — तो खुशाल आहे, कामधंदा ठीक, वडीलधाऱ्यांना सलाम, येण्याचं पुढल्या वर्षी बघू. तिनं मध्येच तोडलं. "मास्तर, हा माझा पोरगा नाही बोलत. ही तहसील कचेरी बोलतेय!"

नादिरला लिहिता येत नाही. तिथं त्याच्या खोलीत राहणारा हकीम शाह लिहून देतो, तोही आपल्याच खोऱ्यातला. म्हणजे ती बोलते खोवार, मी लिहितो उर्दू, हकीम वाचतो उर्दू आणि नादिरला सांगतो खोवार! अख्खं गाव असंच करतं. लिहिणं म्हणजे उर्दू, हे डोक्यात पक्कं बसलंय. ही वही तरी कुठे खोवारमध्ये आहे?

१३ ऑक्टोबर

चूक माझीच. उन्हाळ्यात तिनं सांगितलं होतं — "लिही, डोळ्यांत धूर भरलाय. बर्फानं लोवारीचा घाट बंद व्हायच्या आत ये. तुझं तोंड एकदा बघते, मग जाऊ देत डोळे." आणि मी लिहिलं, 'मातोश्रींची प्रकृती किंचित नरम आहे. सवड झाल्यास येऊन जावे.' हात तसाच वळतो. मग कशाला येईल तो?

१५ ऑक्टोबर

ट्रंकेच्या तळातून ते पातळ पुस्तक काढलं — आपली अक्षरं शिकवणारं. उर्दूचीच लिपी, फक्त आपल्या आवाजांसाठी ठिपके देऊन केलेली काही जास्तीची अक्षरं. एकसष्टाव्या वर्षी पहिलीतल्या पोरासारखा गिरवत बसलो.

नादिर वर्गात खोवार बोलला म्हणून मी त्याला छडीनं फोडला होता. दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आलाच नाही. मास्तर म्हणवून घ्यायची लाज वाटते.

२१ ऑक्टोबर

घाटात बर्फ सुरू. जीपा अजून चालू आहेत.

नान अंगणात अक्रोड फोडता फोडता सांगत गेली, मी लिहीत गेलो. "एक शब्द इकडचा तिकडे केलास तर बघ!" नाही केला. शिव्यासुद्धा घातल्या. "गाढवा, माझे डोळे काय तुझ्या सुट्टीची वाट बघत थांबणारेत?" — जसंच्या तसं. मग वाचून दाखवलं. ती खुदकन हसली. "अगं बाई, ही तर मीच!" आणि पदराआड रडायला लागली. मलाही आवरेना.

आजपासून ही वहीसुद्धा खोवारमध्ये.

२४ ऑक्टोबर

पत्र जीपवाल्याच्या हाती दिलं. हकीमला वाचता येईल ना? अक्षरं ओळखीचीच आहेत बहुतेक सगळी. येईल.

१९ नोव्हेंबर

घाट बंद. नादिर आला नाही.

५ डिसेंबर

नानचा डावा डोळा गेला, उजव्यातही धूरच. आज तिनं मला खोकल्यावरून ओळखलं. चुलीशी बसून खारा चहा दिला, अर्धा बाहेर सांडला. म्हणाली, "विमानानं येईल. आभाळ मोकळं होऊ दे." मी मान हलवली. तिला दिसली नसेल.

२२ डिसेंबर

विमान उतरलं. नादिर नाही, पत्र आलं. हकीम शाहचं — खोवारमध्ये! वेडीवाकडी अक्षरं, माझ्या पत्रावरून बघून गिरवलेली.

'मास्तर, नादिर गेल्या हिवाळ्यात इमारतीवरून पडून गेला. घाट बंद होता, त्याला इथंच पुरलं. नानला कळवायची छाती झाली नाही. वर्षभर मीच लिहीत राहिलो. उर्दूत जमून जायचं. पण नानचं बोलणं नानच्याच शब्दांत वाचलं, आणि पुढचं खोटं लिहवेना. माफी मागायचं तोंड नाही.'

२३ डिसेंबर

पत्राची बातमी नानला लागलीच. भिंत चाचपत आली. मी म्हटलं, "नान, बस, सांगतो." मनात जुळवाजुळव चालली होती — आजारी आहे म्हणू, सुट्टी मिळाली नाही म्हणू.

"आपल्या भाषेत आलंय?"

"हो."

"मग सांगू नकोस, मास्तर. वाच."

शेवटपर्यंत वाचलं.