गाठोडं ३.०

सोमवार, १० नोव्हेंबर
धम्मदीपनं परत तेच केलं! मला न विचारता गाठोड्याची नवी आवृत्ती सोडली. २.४.१ ची २.४.२. बघणाऱ्याला वाटेल, किरकोळ दुरुस्ती. आत मात्र जुन्या पद्धतीच्या फाइली वाचणारा अख्खा भागच उडवलाय!
कॉलेजात आम्ही दोघांनी हे सॉफ्टवेअर उभं केलं — कुणाचाही प्रोग्राम बांधून दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नीट बसवून देणारं, फुकट. लोक भरवशानं वापरतात. नियम एवढाच: शेवटचा आकडा बदलला तर बिनधास्त घ्या, पहिला बदलला तर थांबा, जुनं चालणार नाही. एवढंही पाळता येऊ नये?
फोन केला तर म्हणे, "सांगितलं असतं तर तू वाद घालत बसली असतीस." बसलेच असते!

मंगळवार, ११
तक्रारी, तक्रारी, तक्रारी. एकानं विचारलंय, तुम्हाला मोजता येतं का? मला येतं बाबा!

बुधवार, १२
माधवीचा फोन. तळेगावच्या एका रक्तपेढीचं सॉफ्टवेअर ती सांभाळते. २.४.२ तिकडे आपोआप गेली आणि सकाळी साठ्याचा प्रोग्राम उघडेचना. कुठल्या गटाच्या पिशव्या आहेत, काहीच दिसेना. बाळंतिणीसाठी ओ निगेटिव्ह न्यायला माणूस दारात उभा, आणि तिथल्या मुली फ्रीज उघडून एकेक पिशवी हातात घेऊन बघतायत!
"मिळाली. बाई ठीक आहे," माधवी म्हणाली. "पण स्नेहल, शेवटच्या आकड्यावर विश्वास होता गं, म्हणून तर आपोआप येऊ देत होते."
लगेच २.४.२ मागे घेतली. जुनं जसंच्या तसं २.४.३ म्हणून सोडलं.
मग धम्मदीपला धरलं. आधी म्हणाला, "बाई खरंच ठीक आहे ना?" आणि वर, "पण जुनं काढायलाच हवं. लवकर."
लवकर कशाला? घोडं कुठं अडलंय? म्हटलं, यापुढे गाठोडं एक तर तू सांभाळ, नाहीतर मी. फोन आपटला.

शुक्रवार, १४
अजून डोकं तापलेलंच. सासूबाई भाकऱ्या थापता थापता म्हणाल्या, "आकड्यावरनं भांडताय व्हय? मग बदला की त्यो!"
"आत्या, आकडा म्हणजे लोकांना दिलेला शब्द असतो."
"मग समोर बसून बोला. फोनवर भांडान मिटत न्हाई."
मी जाणार नाही. मुळीच नाही!

शनिवार, १५
धम्मदीपला लिहून पाठवलं: आधी सगळ्यांना इशारा, वर्षभराची मुदत, मगच जुनं काढून ३.०. उत्तर आलं — "तुझं बरोबर आहे. तूच सांभाळ." सोबत सगळे पासवर्ड.
वाद नाही, काही नाही. हा धम्मदीप नव्हे.

रविवार, १६
शिरगावला धम्मदीपच्या घरी गेलेच. त्याच्या डोळ्यांचे पडदे निकामी होत चाललेत. उन्हाळ्यापर्यंत स्क्रीनवरचं वाचता येणार नाही, असं डॉक्टर म्हणालेत. "तो जुना भाग माझ्याशिवाय कुणालाच कळत नाही," म्हणाला. "तुझ्या गळ्यात टाकून जायचा नव्हता."
म्हटलं, राहू दे तो भाग. शिकव मला.
मी एकेक ओळ वाचत गेले, तो सांगत गेला.