हरिसिंगची हाक

पुसद, ता. ९ जानेवारी १९६२

ती. सौ. कोकिळाताईस भगवानचा सा. न. वि. वि.

ऐकलंस ते खरं. यवतमाळची फायनल शून्य-एकने हरलो आणि क्लबच्या कमिटीने मला हॉकीच्या कोचपदावरून काढलं. अकरा वर्षं झाली होती. डिक्शनरी जवळ ठेवून इंग्रजी नियमांचं पुस्तक पाठ केलेला दुसरा माणूस या तालुक्यात दाखवावा त्यांनी. खुलासा मी लेखी दिला : शेवटच्या तीन मिनिटांत विरुद्ध संघाचा फॉरवर्ड आमच्या बॅकच्या पाठीमागून आला, आणि गोलकीपर हरिसिंगने समोर दिसत असूनही बॅकला सावध केलं नाही. त्यालाही काढलं. बरोबर केलं. तुमच्या बोरीजवळच्या तांड्यातलाच तो.

तरी चैन नाही. रोज पहाटे ग्राउंडवर जातो. काल गोलखांबांमधलं अंतर टेपने मोजलं : बारा फूट, वर पाऊण इंच. चेंडू त्या पाऊण इंचातून गेला नव्हता, तरी मोजलं.

भाऊजींना नमस्कार. तुझा लोभ तेवढा काढून घेऊ नकोस, बाकी सगळं गेलंच आहे.

तुझा भगवान

बोरी अरब, ता. १६ जानेवारी १९६२

चि. भगवान यास अनेक आशीर्वाद.

खांब मोजणं पुरे. लहानपणीही पतंग पडला की तू दोरा मोजत बसायचास.

बाजारात हरिसिंगची आई मानीबाई भेटली. भांडली नाही, तेच मले लागलं. म्हणे, पोरगा गप्प बसून राह्यला, स्टिक आढ्याला खोचून ठेवली. मग म्हणाली, मैदानावर आमची बंजाऱ्यांची गोरबोली सरांनीच बंद केलती ना? बोललं की पाच चकरा. हरिसिंग आणि तो बॅक, उत्तमसिंग, गुरं वळायचे तेव्हापासून त्याच बोलीत एकमेकांना हाका मारतात. त्या दिवशी हाक तोंडाशी आलती, पण शिक्षेच्या भ्यानं गिळली म्हणे.

मले हॉकीतलं कळत नाही. पण हे खरं असंल तर मले नको लिहू, कमिटीले लिही.

वेळेवर जेवत जा. माया आहे म्हणूनच बोलते.

कोकिळा

पुसद, ता. ५ फेब्रुवारी १९६२

ती. सौ. ताईस सा. न. वि. वि.

खरं आहे. शिस्तीसाठी म्हणून बंद केली. यवतमाळच्या पाहुण्यांपुढे आपला संघ तांड्यावरचा वाटू नये, हेही मनात होतं. तेसुद्धा कमिटीला लिहिलं. चार मसुदे फाडले. सेक्रेटरी म्हणाले, उन्हाळ्यानंतर तुम्हाले परत घ्यायचं चाललं होतं, आता हा कागद कायले देता? दिला. मला घेणार नाहीत. हरिसिंगला घेतलं.

काल इथे सामना झाला. मी गोलामागे लिंबाखाली बसलो. हरिसिंग पूर्ण वेळ ओरडत होता. एक शब्द मला कळला नाही, पण उत्तमसिंग मागे न पाहता बरोबर वळत होता. दोनदा माझा हात शिट्टीकडे गेला. शिट्टी क्लबात जमा आहे. दोन-शून्यने जिंकले.

माणसं पांगल्यावर मी ग्राउंडाला चकरा मारायला लागलो. पाच. तिसरीला धाप लागली. हरिसिंग पॅड सोडत बसला होता, आल्यापासून माझ्याकडे पाहिलं नव्हतं. चौथीला त्याने मान वर न करता त्यांच्या बोलीत काहीतरी हाक मारली. उत्तमसिंग हसायला लागला. अर्थ मी विचारला नाही. पाचवी पुरी केली.

मानीबाई दिसली तर माझा नमस्कार सांग. तुझा लोभ आहे, तो कळला.

भगवान