तळव्यांची ऊब

नाशिक

घोटीचे केरूभाऊ यांस,

उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजांची किणकिण अजून माझ्या कानांत आहे. माझी उज्वला तेव्हा नवी नर्स होती. त्या दिवशी कुठल्या पेशंटनं काय शिकवलं, ते रोज संध्याकाळी वहीत लिहायची.

ती जाऊन तीन महिने झाले. काल मी ती वही पहिल्यांदा उघडली आणि तुम्ही भेटलात. ‘घोटीचा केरू म्हणाला, “सिस्टर, तुमचे हात लय गार हायेत, अंगावर काटा येतो.” आजपासून तळवे चोळूनच पेशंटला हात लावायचा.’

माझ्या कपाळावर हात ठेवण्याआधीही ती तळवे चोळायची. पन्नास वर्षं मी समजत होतो, हे लाड फक्त माझे! शाळेत कविता शिकवणारा मी, त्यावर एक कविताही केली. आणि ते निघालं तुमचं! जळतो मी तुमच्यावर, भाऊ.

उज्वलाचा नवरा,
सोमनाथ मास्तर

ता. क. आत्ताच दार वाजलं. काठी टेकत, तांदळाची पिशवी घेऊन तुम्हीच उभे! “मी घोटीचा केरू. सिस्टर हायेत का घरात?”

पाणी आणतो म्हणून आत आलोय. हे पत्र आता टाकत नाही. आधी तळवे चोळून घेतो, मग तुमचा हात धरून सांगतो.