घराण्याची साक्ष

२ सप्टेंबर, मंगळवार

शनिवारी लिहिलं ते चूक आहे. पणजोबांना एके दिवशी प्रकाश दिसला आणि ते आमच्या घरातले पहिले ख्रिस्ती झाले, असं मी लिहिलं होतं. आज आत्या हसून हसून खोकायला लागली. "कसला प्रकाश गं! आधी पणजी जायला लागली चर्चला. पणजोबा तिला घरी ओढून आणायला गेले. उपदेश लांबला, आणि हेच तिथे बसले!"

पंचाईत झाली. दृढीकरणाआधी चर्चच्या मंडळीसमोर उभं राहून साक्ष द्यायची आहे — मी विश्वास का ठेवते ते. मोठेपणी विश्वास असा स्वतः जाहीर केला की मगच प्रभुभोजनातली भाकर आणि प्याला मिळतो. आणि मी तो प्रकाशच पाठ केला होता!

४ सप्टेंबर, गुरुवार

चर्चचे पाळकसाहेब माझ्या चष्म्याच्या दुकानात आले. त्यांच्या चष्म्याची दांडी सैल झाली होती. स्क्रू आवळता आवळता मी त्यांना साक्ष म्हणून दाखवली. दुरुस्त करून, पणजीसकट.

"छान. पण ही पणजीची झाली. तुझी कुठंय?"

"आमचं घराणंच पहिल्यापासून —"

"अख्खं घराणं उभं करणार आहेस की काय? एवढी जागा नाही गं पुढे!" मग म्हणाले, "दुसऱ्याच्या नंबरचा चष्मा चालतो का? तूच सांग, तुझा धंदा आहे."

दृष्टान्त सापडला की हा माणूस आवरत नाही. पण माझा डबा तसाच परत आला.

५ सप्टेंबर, शुक्रवार

नाक आजोबांचं, 'आमेन' म्हणण्याची चाल बाबांची. यात माझं काय? दृढीकरण यंदा राहू द्यावं का? पुढच्या वर्षी बघू.

८ सप्टेंबर, सोमवार

अक्षरं मला बाबांनी शिकवली, याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर, शुभवर्तमानातून. म्हणून त्यांनाच विचारलं, "तुम्ही काय साक्ष दिली होती?"

बाबांनी चहात साखर घातली. ढवळली. परत घातली.

"साक्ष द्यायच्या रविवारी मला कांजिण्या होत्या."

"मग नंतर?"

"नंतर कुणी विचारलंच नाही. आजोबा पुढे उपदेशक झालेले, त्यांचा नातू ना मी! झालंच असेल, असं सगळे धरून चालले. मग मीही."

चर्चच्या पंचकमिटीतले बाबा! प्रभुभोजनाचे प्याले फिरवणारे! मला हसू फुटलं. मग त्यांचे कान लाल झालेले दिसले आणि हसू गेलं.

"साक्ष द्यायची भीती वाटते तुम्हाला?" मी विचारलं.

"तुझ्याहून जास्त," म्हणाले.

१० सप्टेंबर, बुधवार

सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर असतं, दिवे लागायचे असतात, तेव्हा मी काउंटरशी उभी राहून प्रभूशी बोलते. कधी कुरकुर, कधी काहीच नाही. हे मला कुणी शिकवलं नाही. घरात कुणाला माहीतही नाही.

एवढीच साक्ष. आखूड आहे. पण माझ्या नंबरची.

बाबांना वाचून दाखवली. बराच वेळ चष्मा पुसत बसले.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

पाळकसाहेबांना फोन झाला. केला बाबांनी. परवा, रविवार, १४ सप्टेंबर, सकाळची उपासना. उभे राहणार दोघं — मी आणि बाबा.