पुंगळी तीन पावलांवर पडली पाहिजे

मामंजी, तुमची सून बोलते आहे आणि नात लिहिते आहे. तुमच्या हयातीत मी तुमच्यापुढं एवढं लांबण कधी लावलं नाही, कारण तुम्ही ऐकून घेणाऱ्यांतले नव्हता. आता मधेच "आटप की गं" म्हणायची सोय तुम्हाला राहिलेली नाही, तेव्हा बसा निवांत. नातीला बजावलंय, मी म्हणेन तसंच लिही, सुधारू नकोस. ती सुधारतेच आहे. मला अक्षर कळत नाही, पण मी चार शब्द बोलल्यावर पेन किती वेळ चालतंय ते कळतं.

सासूबाई गेल्या, तुमचा मुलगा साखर कारखान्यात पाळीवर जायचा, आणि तुमचे गुडघे धरलेले, म्हणून तुम्ही मला दुकानात बसवलंत. बंदूक दुरुस्तीचं आणि काडतुसांचं दुकान, आणि दारात लुगड्यातली बाई. पावणं यायचे, बंदूक खांद्यावरून उतरवायच्या आधी माझ्याकडं बघायचे. "मालक न्हाईत व्हय?" मी म्हणायचे, "हायत की आत. पर मी बी चावत न्हाय." तुम्ही आतून कानस घासता घासता हसायचात, ते मला ऐकू यायचं. वहीतली नोंद तुमची, बाकी सगळं हळूहळू माझ्या हाताखाली आलं. कुठलं काडतूस कुठल्या फळीवर, पावसाळ्यात कुठल्या डब्यांना ऊन दाखवायचं, पितळी बुडाला हिरवट डाग पडला की ते बाजूला काढायचं. पाच-सात वर्षांत तुमच्यापेक्षा माझा हात लवकर जायचा. हे तुम्ही कुणाला सांगितलं नाहीत. मी सांगायचे सगळ्यांना.

आणि मग शाहूवाडीकडचा तो फौजी आला. पलटणीतून निवृत्त झालेला, ताठ, दोनदा पुसून बाकावर बसणारा. आपल्याकडं सगळ्या दुनळ्या यायच्या, त्याच्याकडं ऑटोमॅटिक होती, एका नळीची, बार उडाला की काडतुसाची रिकामी पुंगळी आपणच बाहेर टाकणारी आणि दुसरं काडतूस आपणच आत घेणारी. भाताच्या राखणीचा परवाना होता त्याचा. म्हणाला, "पहिला बार निघतोय, दुसऱ्याला अडकतीया. पुंगळी भाईर पडायच्या खिडकीतच चिमटून बसतीया." तुम्ही ती खोललीत, पुसलीत, स्प्रिंग बघितलीत. बंदुकीत खोट नव्हती. तुम्ही म्हणालात, "हिचं पोट भरत न्हाय." मी विचारलं, म्हणजे काय. तर तुम्ही मला कुकरच्या शिट्टीवर नेलंत. वाफ कमी पडली तर शिट्टी उचलत नाही, नुसती फुसफुसते. तसंच काडतुसाच्या जोरावर हिचा बोल्ट मागं जातो आणि पुंगळी बाहेर फेकतो. दारू मऊ पडली तर अर्ध्यात जाऊन परत येतो आणि पुंगळी दारात सापडते. मी म्हणाले, "मग ही बंदूक न्हवं, जावई हाय. साधं वाढलं की रुसती." फौजी एवढा हसला की त्याचा ताठपणा थोडा सैलावला.

खाणीतली ती सकाळ अजून माझ्यासमोर आहे. तुम्ही दगडावर बसलाय, फौजी दगडी भिंतीकडं तोंड करून उभा आहे, मी त्याच्या मागं, पदर खोचून. आपल्याकडं दोन माल होते, एक त्या वर्षीचा, एक दोन पावसाळे खाल्लेला. एकाच कंपनीचे, दोन्ही लाल, छर्रेही तेच. तुम्ही प्रत्येकातली पाच-पाच उडवायला लावलीत. उडणारा बार बघू नकोस, म्हणालात, पुंगळी कुठं पडते ते बघ. नव्या मालाच्या पाचही पुंगळ्या उजव्या हाताला तीन पावलांवर जाऊन पडल्या, जशा कुणी मोजून ठेवल्यात. जुन्यातल्या दोन त्याच्या बुटापाशी पडल्या आणि तिसरी खिडकीत अडकली. "बास," तुम्ही म्हणालात. "पुंगळी तीन पावलांवर पडली पाहिजे. पायापाशी पडली म्हंजे पुढची अडकणार. जुना माल दुनळीवाल्यांना द्यायचा, त्यांना काय, हातानंच काढायची असती." फौजीची पंचवीस नोंद करून ठेवलीत. कापणीच्या आधी नेतो म्हणाला.

घरी आल्यावर मी नव्या मालाच्या बुडांना कुंकवाची बोटं लावत बसले. मला खूण पाहिजे होती, आणि कुंकू हाताशी होतं. तुम्ही बघितलंत आणि आवाज चढवलात. "कुंकू सणाला सगळ्यास्नीच लागतंय. आठ दिवसांनी खंडेनवमी हाय. खूण अशी कर जी देवापुढं लागत न्हाय." मी म्हणाले, "मग काय लावू, पावडर?" दुसऱ्या दिवशी तुम्ही बांगड्यांच्या दुकानातून नेलपॉलिशची शिशी घेऊन आलात. सत्तरीचा माणूस, मिशा पांढऱ्या, धोतर, आणि हातात गुलाबी शिशी. "ही लाव. पुसत बी न्हाय." मी आठवडाभर तुम्हाला चिडवलं, मामंजी ओठांचं कधी आणणार म्हणून. तुम्ही फक्त विचारायचात, लावलीस का. मी म्हणायचे, लावते की.

खंडेनवमीला मी पाटावर सगळं मांडलं. बंदुका, पाने, कानशी, आणि डबे उघडे करून काडतुसं. दरवर्षीसारखं अनामिकेनं एकेकाला हळद, एकेकाला कुंकू. हात इतका सवयीचा की डोकं कुठं होतं ते सांगता येणार नाही. पूजा उरकल्यावर डबे परत फळीवर गेले. कुठला कुठं, ते मला वाटत होतं मला माहीत आहे.

फौजी आला त्या दिवशी तुम्ही वह्या घेऊन कचेरीत गेला होतात. "वैनी, यष्टी सुटंल माझी. उद्या कापणी धरलीया." मी डबा काढला, झाकण उघडलं, बुडं लाल. दुसरा काढला, तीही लाल. हळदीकुंकवाचा नुसता मळवट. डब्याच्या बाजूला छापलेलं होतं, त्याला वाचता येत होतं. एवढंच म्हणायचं होतं, भाऊ, जरा साल बघा ह्यावरचं. म्हणाले नाही. सात वर्षं अक्षराशिवाय दुकान चालवलं होतं मी. त्यानं विचारलं, "खाणीतली तीच नव्हं?" मी म्हणाले, "व्हय, तीच."

दुसऱ्या दिवशी बायका भात कापत असताना झाडीतून रानडुक्कर आलं. तो मधे उभा राहिला. पहिला बार लागला, जनावर थांबलं नाही. दुसरा निघालाच नाही. मांडी फाडली त्याची. जीपनं कोल्हापूरला आणत होते, बांबवडं ओलांडायच्या आत संपलं.

मग पोलीस, मग कचेरीची माणसं. तुम्ही सांगितलंत, "डबा मीच बांधून ठेवून गेलतो. सून अडाणी हाय, तिला काय कळतंय." सबंध कोल्हापुरात माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता, आणि एवढी माया पण. परवाना गेला. मग त्याची बायको आली. तिला बाकी काही नको होतं. गावात म्हणत होते, फौजी असून ऐनवेळी हात थरथरला त्याचा. "खरं का, तेवढं सांगा," म्हणाली. तुम्ही तिच्यापुढं उभे राहिलात, दुखऱ्या गुडघ्यांनी. "हात न्हाई चुकला बाई त्यांचा. काडतूस माझं चुकलं." मी दाराआड चहाचा कप घेऊन उभी होते. मी तिला चहा दिला. फक्त चहा दिला.

दुकानाला कुलूप लागल्यावर एकदा जेवताना तुम्ही मला विचारलंत, भाकरी मोडता मोडता, मान वर न करता, "ती शिशी कुठं हाय गं?" मी म्हणाले, "वाळली. उघडी ऱ्हायली आणि वाळली." तुम्ही "बरं" म्हणालात. दोन वर्षांनी गेलात, पुन्हा विचारलं नाहीत.

हा कागद मी ट्रंकेत तुमच्या कानशीखाली ठेवणार आहे. नातीला म्हणाले, वाचून दाखवू नकोस. तिनं आत्ता पेन थांबवलंय, मी पुढचं सांगत नाही म्हणून. लिही बाई. शिशी वाळली नव्हती, मामंजी. लग्नानंतर मला कुणी असलं काही आणलं नव्हतं. काडतुसांवर घालवायला जीव झाला नाही माझा. तुम्ही विचारलंत तेव्हा मी पाय लुगड्याखाली ओढून घेतले होते, दहाही नखं गुलाबी होती.